उपरोधाच्या वाटेवरचा दिवा

उपरोध फार लवकर शिळा होतो. ज्याची टर उडवली तो माणूस गेला, ती चालरीत मोडली, की पुढच्यांच्या हाती नुसते शब्द उरतात. मग एकोणीसशे वर्षांपूर्वी रोममध्ये जुवेनालने लिहिलेली १६ उपरोधकाव्ये आम्हांला कशी कळावीत?

ऑक्सफर्डचा धर्मोपदेशक बार्टन हॉलिडे याने ही अडचण नेमकी ओळखली होती. जुवेनाल व पर्सियस यांचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १६७३ साली, निघाले. कोरीव चित्रे आणि टीपा या दोहोंनी ग्रंथ ‘इलस्ट्रेट’ केला आहे, असे त्याच्या नावातच म्हटले आहे. आज आम्ही त्या शब्दाचा अर्थ ‘सचित्र’ एवढाच घेतो. तेव्हा त्याचा अर्थ उजेड पाडणे असा होता. ज्ञानेश्वरीला भावार्थदीपिका म्हणतात, तीतली दीपिका ती हीच. चित्र येथे शोभेसाठी नव्हते. तीही एक टीपच होती.

तिसऱ्या काव्याला मात्र घाटकोपर-मुलुंडकरांना टीप लागू नये! भाड्याची उंच घरे, खाली आग लागली तरी कौलांखालच्या बिऱ्हाडकरूला पत्ता नाही, आणि रात्रभर गाड्यांच्या खडखडाटाने झोप नाही.

हॉलिडेला अर्थ सापडला, काव्य निसटले, अशी ड्रायडनची तक्रार होती, आणि ती खरी आहे. ड्रायडन व त्याच्या सहकाऱ्यांच्या १६९३ च्या भाषांतरात जुवेनाल इंग्लंडात जन्मल्यासारखा बोलतो. वाचायला गोड तेच. पण रोम पाहायचे असेल, तर आम्ही आधी हॉलिडे उघडू.