फुलंब्रीकर फुलंब्रीत शोधू नका

या आठवड्यात ‘नीस’वाल्यांची पाळी होती. फडणीस, चिटणीस, पारसनीस, पोतनीस यांची टिपणं काढून ठेवली होती, पण त्यांना आणखी आठ दिवस थांबावं लागेल. कारण सिडकोत राहणाऱ्या एका वाचकताईंचं पत्र. माहेर फुलंब्रीचं. त्या लिहितात, ‘दहावीपर्यंत गावात होते. पाटील, कुलकर्णी, जाधव, काळे सगळे पाहिले, पण वर्गात की गल्लीत फुलंब्रीकर कधी भेटला नाही. मग मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर कुठले?’

हा प्रश्न मागे ठेवणं मला जमलं नाही. आपल्या जिल्ह्यातलं हे एक विरळ आडनाव, आणि विरळ असूनही साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचं.

आधी मास्टरांचं सांगतो. कृष्णराव गणेश फुलंब्रीकर जन्मले १८९८ साली, देवाच्या आळंदीत. गाणं शिकले भास्करबुवा बखल्यांकडे, नावारूपाला आले गंधर्व नाटक मंडळीत, आणि आयुष्य गेलं ते मुख्यतः पुण्यात. संभाजीनगरहून सिल्लोडकडे निघालं की वाटेत गिरिजा नदीकाठी लागणारं फुलंब्री त्यांच्या नावात होतं, पत्त्यात नव्हतं. वाचकताईंच्या कोड्याची किल्ली इथेच आहे.

‘कर’ लावलेलं आडनाव गावात सहसा तयार होत नाही. फुलंब्रीत राहणारे सगळेच फुलंब्रीचे, मग कोण कुणाला फुलंब्रीकर म्हणणार? गावात माणसाची ओळख वतनावरून, कुळावरून किंवा धंद्यावरून. पाटील, देशमुख, कुलकर्णी, जोशी, सुतार, किंवा मग जाधव, शिंदे, पवार. गाव सोडून माणूस दुसरीकडे जातो तेव्हा अडचण सुरू होते. तिथे जोशी आधीचेच चार असतात. ‘कोणते जोशी?’ ‘ते फुलंब्रीचे.’ पिढी-दोन पिढ्यांत ‘फुलंब्रीचे’ हेच वहीत चढतं आणि जोशीपण मागे पडतं. म्हणजे ‘कर’ हे आडनाव मूळ गाव देत नाही, नवं गाव देतं. म्हणूनच पैठणकर, वेरूळकर, वैजापूरकर, कन्नडकर त्या त्या गावापेक्षा बाहेरच जास्त भेटतात. त्यासाठी फार लांब जायलाही लागत नाही. नरहर कुरुंदकरांचं कुरुंदा वसमत तालुक्यात आणि त्यांची कर्मभूमी नांदेड. तेवढं अंतर पुरतं.

मग हे आडनाव इतकं विरळ का? कोकणात आणि गोव्यात ‘कर’ पावलोपावली आहेत. मुंबईला जाणाऱ्यांची रीघ तिथे पिढ्यान्‌पिढ्या लागलेली. गिरणीच्या हजेरीपटावर, शाळेच्या दाखल्यावर, पलटणीच्या यादीत प्रत्येकाला नावापुढे काहीतरी लिहावंच लागे, आणि गावाचं नाव सगळ्यात सोयीचं. आपल्याकडचा प्रांत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वेच मुळी १९०० च्या सुमाराला सुरू झाली. माझं मत असं, की आपल्याकडून गावच्या गाव एका शहरात जाऊन वसलं, असं त्या काळात फारसं झालं नाही. एखादं शास्त्र्याचं घर तीर्थक्षेत्री जाई, एखादा कारकून हैदराबाद किंवा पुणं गाठी. जितकी घरं बाहेर पडली, तितकेच ‘कर’ झाले.

आंबेडकर हे नावही दाखल्याचंच. घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजीचं नाव दाखल झालं, तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. जालन्याजवळच्या अंबडशी या आडनावाचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अंबडकर आणि आंबेडकर यांची गल्लत करणारी पत्रं मला दर लेखमालेत येतात.

आणि बाबासाहेबांचं नाव निघालंच आहे तर फुलंब्रीकरांकडे वळायला याहून चांगली वाट नाही. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून मास्टर कृष्णरावांनी १९५६ साली बुद्धवंदना स्वरबद्ध केली. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्याच्या शेजारच्या गावाचं नाव लावणाऱ्या संगीतकाराकडून! दुसरा योग त्याहून जुना. १९३५ साली ‘प्रभात’ने ‘धर्मात्मा’ काढला, शांतारामबापूंचं दिग्दर्शन आणि बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत. त्याला संगीत मास्टर कृष्णरावांचं. पैठणच्या नाथांच्या चित्रपटाला फुलंब्रीकरांच्या चाली! दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली. या गोष्टीचा आपण आपल्या शहरात पुरेसा अभिमान बाळगत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता माझ्या आवडीच्या आडवाटेला थोडं येऊ द्या. आपल्या शहरात ‘कर’चं काम करणारी आणखी एक रीत शेकडो वर्षं नांदली, ती म्हणजे फारसी-उर्दूतली ‘ई’. सिराज औरंगाबादी याच शहराचे. १७६३ मध्ये वारले तेही इथेच. मग शहरातच राहणाऱ्या माणसाला शहराचं नाव कशाला? कारण त्यांच्या गझला शहराबाहेर गेल्या होत्या. माणूस जागेवर आणि कविता प्रवासात, म्हणून नावाला गाव चिकटलं. फरक एवढाच, की ‘औरंगाबादी’ त्या कवीपुरतं राहतं, तर ‘औरंगाबादकर’ मुला-नातवंडांकडे जातं. हे आडनावही खरंच आहे, विरळ आहे आणि तेही गावाबाहेरच भेटतं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात मु. शं. औरंगाबादकर सभागृह आहे. तिथे व्याख्यान ऐकलेले वाचक पुष्कळ असतील.

२०२३ साली शहराचं नाव अधिकृतपणे बदललं. आडनाव मात्र सरकारी अधिसूचनेनं बदलत नाही. तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद करून सात शतकं होत आली, तरी देवगिरीकर आडनाव लावणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. गावाचं जुनं रूप शोधायचं असेल तर मी नकाशाआधी आडनावांकडे जातो.

ही रीत एकट्या मराठीची नाही. जर्मन आडनावांत शेवटचा ‘अर’ कितीदा तरी आपल्या ‘कर’चंच काम करतो. १९४९ साली पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झालेले कोन्राड आडेनाउअर यांच्या नावात आडेनाउ हे आयफेलच्या डोंगराळ भागातलं छोटं गाव आहे, जन्म मात्र कोलोन शहरातला. अगदी फुलंब्री आणि आळंदीसारखंच. अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमर यांचं आडनाव ऱ्हाइनकाठच्या ओपेनहाइमचं. ज्यू घराण्यांमध्ये असली आडनावं पुष्कळ. प्रशियात १८१२ च्या फर्मानानं त्यांना कायमचं आडनाव घेणं भाग पडलं. इकडे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनीही गावंच घेतली. किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर आणि चेऊलचे चेऊलकर. हिंदी चित्रपटातले डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ऱ्हाइनकाठी काय आणि अष्टागरात काय, वहीवाल्याने ‘कुठले?’ विचारलं की माणसानं गावच सांगितलं.

वाचकताईंनी पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलंय. एखाद्या ‘कर’ घराचं आधीचं आडनाव शोधायचं कसं? सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. यात्रेला आलेला माणूस स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव लिहून मूळ गाव आणि हल्ली मुक्काम दोन्ही नोंदवतो. कित्येकदा ‘जोशी, उपनाव अमुककर’ अशी जोडनोंद सापडते आणि दोन आडनावांमधला सांधा हाती लागतो. जाताना गोत्र आणि कुलदैवत माहीत असू द्या, कारण वह्या गावावार लावलेल्या असतात आणि एकाच नावाची गावं अनेक. वही मोडीत असेल तर वाचणारा माणूस सोबत न्या. आणि तुमची नोंद नसेल तर तुमची स्वतःची करून या, मूळ गावासकट.

‘नीस’वाले पुढच्या आठवड्यात नक्की.