सालीचा सह्याद्री

दिवाळीची चाहूल लागली की लालबाग-परळच्या चाळींत पोरांची पहिली धावपळ किल्ल्यासाठी. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यामुळे राजगड-रायगडाचा हट्ट आणखी वाढला. पण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत किल्ला उभारायचा, तर दगड-मातीचा भार जिन्याने चढवायचा कोणी? अशा वेळी झाडाची वाळलेली साल कामाला येते. वजनाला हलकी, आयती भेगाळलेली, आणि रंगही कातळाचा.

ती शोधायला रे रोडचा परिसर बरा. स्टेशन 1910 सालचे. पूर्वेला दारूखाना (दारू तोफेची, गैरसमज नको!) आणि लाकडी बंदर, तिथे काय उतरत असे ते नावच सांगते. वखारीत ओंडक्याची सुटलेली साल दिसली, तर शेटजींना विचारून पिशवीभर घ्यावी.

मात्र हाताला लागेल ती घेऊ नये. सागाची साल पातळ, तंतुमय. कड्याला तिचा फारसा उपयोग नाही. बाभळीची काळपट आणि खोल भेगांची, पण भिजली की तिच्यातले टॅनिन फरशीवर तांबूस डाग पाडते आणि मग आईचा आवाज चढतो. आमची पसंती ऐनाला. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची ही साल, बुरुजाखालच्या तुटलेल्या कातळाला शोभून दिसते. भेग मात्र बारीक हवी. मावळा दोन इंची असेल, तर इंचभर रुंद भेग त्याच्या कमरेएवढी होते!

दुसरी गोष्ट, साल झाडावर असते तशी उभी लावायची नाही. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. त्याच्या कड्यांवरच्या रेघा आडव्या. साल आडवी केली की तेच रूप येते. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथले खांब उभेच आहेत.

परदेशात हा छंद मोठ्यांचा. एच. जी. वेल्सने 1913 साली 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या सैन्याच्या लढायांचे पुस्तक लिहिले. असे लुटुपुटीचे रणांगण सजवणारे आज चिडाची साल किंवा बूच वापरतात. चिडाचे तुकडे आपल्याकडे नर्सरीत ऑर्किडसाठी मिळतात. बुचाचे झाड पोर्तुगालात साधारण दर 9 वर्षांनी सोलतात आणि तरी ते जगते.

आपल्या रस्त्यावरच्या झाडांचे तसे नाही. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवती कडे काढले की मुळे उपाशी राहतात आणि झाड हळूहळू मरते. पोरांना हे आधीच सांगावे. आणि 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे, हे त्यांच्या बाबांना!

आणलेली साल उकळत्या पाण्यातून काढून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. नंतर एका कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर तो तुकडा घराबाहेर. नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत किल्ल्याबरोबर घरचे कपाटही पोखरलेले असायचे.