डिझेल गाडीची सकाळची दहा मिनिटे



खोडवा, पाचट आणि खते सोडून आम्ही या वेळी गाडीवर लिहायला बसलो, याचे काही मंडळींना नवल वाटेल. पण गळीत हंगामात ऊस आणि डिझेल गाडी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तुटलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्हीच सभांमधून सांगत असतो. पुढे वजन घटते आणि उताराही घसरतो. हे सांगणाऱ्या आमच्याच हातून एकदा काय झाले, ते आधी सांगतो.

मागे एका हंगामात, जानेवारीतली गोष्ट. कालव्याकडेच्या एका गावात भरलेल्या ट्रॉलीचे बेअरिंग गेले. मिस्त्री आणि नवे बेअरिंग घेऊन आम्ही पहाटेच जीपने निघणार होतो. ड्रायव्हर म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं द्या, फिल्टरचं पाणी काढतो." आम्ही म्हणालो, "राहू द्या आता, उशीर होतोय." कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर नऊच्या सुमारास जीपने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. फिल्टरमध्ये पाणी साचलेले होते. दुसरी गाडी येईतो दुपार झाली, आणि तो ऊस काट्यावर आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ऊसमालकाने वजनाची पावती पाहिली, खिशात ठेवली आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते. तेव्हापासून ड्रायव्हरची सकाळची दहा मिनिटे आम्ही कापत नाही. गाडीची तपासणी ड्रायव्हर करतो हे खरे, पण ती चुकते बहुधा मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या घाईमुळे.

आता डिझेल इंजिनाचे थोडे समजून घेऊ. यात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे हवा स्वच्छ पाहिजे आणि डिझेलही स्वच्छ पाहिजे. धूळ आणि पाणी हे त्याचे दोन वैरी, आणि पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या आपल्या रस्त्यांवर धुळीला काही तोटा नाही.

एक लिटर डिझेल जाळायला दहा हजार लिटरच्या वर हवा लागते. ट्रॉलीच्या मागे मागे चालणारी गाडी एवढी हवा फुफाट्यातूनच ओढते. म्हणून हंगामात एअर क्लीनर रोज पाहावा. जुन्या जीपला आणि पुष्कळ ट्रॅक्टरांना तेलाच्या वाटीचा क्लीनर असतो. वाटीतले तेल खुणेपर्यंतच असावे. त्याचा चिखल झाला असेल तर वाटी धुऊन नवे तेल घालावे. कागदी फिल्टर असेल तर तो पाण्याने धुऊ नये आणि भिंतीवर आपटू तर मुळीच नये. आपटून धूळ झडते असे वाटते, पण कागदाची घडी फाटते, आणि फाटका फिल्टर असून नसल्यासारखा. आतून बाहेर हलकी हवा मारावी आणि डबा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. आणखी एक, क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर नाही ना, क्लिप ढिली नाही ना, हे बोटाने चाचपावे. फिल्टर नवा आणि नळी फुटकी, असे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे.

डिझेलमधले पाणी हा दुसरा विषय. रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली की थंडीत वरच्या हवेतला दमटपणा पत्र्याला धरतो आणि थेंब तळाशी बसतात. म्हणून डिझेल संध्याकाळी भरावे, सकाळी नव्हे. बॅरलमध्ये डिझेल ठेवणाऱ्यांनी ते एक दिवस निवळू द्यावे, तळाचे चार बोटे घेऊ नये आणि गाळूनच ओतावे. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी फिल्टरखालचा कॉक किंवा स्क्रू सोडून साचलेले पाणी भांड्यात काढावे आणि निर्मळ डिझेल येऊ लागले की बंद करावे. पंपाच्या आतल्या भागांमधली फट केसाच्या जाडीच्या वीस-तिसाव्या हिश्श्याएवढी असते. तिथे पाणी आणि गाळ शिरला की पंपाचे काम निघाले, आणि ते काम स्वस्त नसते.

नव्या कॉमन रेल गाड्यांबाबत एक सावधगिरी. यातल्या नळीत डिझेलचा दाब एक हजार बारच्या वर जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या शेकडो पट. जुन्या जीपसारखा इंजिन चालू असताना नट ढिला करून हवा काढायला जाऊ नये. ती धार कातडीत घुसते. असे झाले तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

बाकीची पाहणी झटपट होते. गाडी हलवण्यापूर्वी खाली वाकून जमिनीवर डाग पाहावेत, त्यांवरून गळती कुठे आहे ते कळते. गाडी सपाट जागी असताना, इंजिन बंद ठेवून, ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. डिझेलचे ऑइल लवकर काळे पडते, त्याने घाबरू नये. पण ते दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे, आणि न घालताच पातळी वाढली तर डिझेल. दोन्ही वेळा गाडी सुरू करू नये, मिस्त्रीला बोलवावे. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडावे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड, ते घालत राहिले की आत खपली धरते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात इंजिन तापू लागते. पुस्तकात सांगितलेले कूलंटच वापरावे. मग पट्ट्याचा ताण, बॅटरीचे टोक, ब्रेक ऑइल. टायरची हवा गार असताना मोजावी आणि ट्रॉलीच्या चाकांत अडकलेले दगड काढावेत.

सुरू करताना हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे. सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत गेला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे. मग धूर पाहावा. काळा असेल तर हवा कमी पडते किंवा ओझे जास्त आहे. निळा म्हणजे ऑइल जळते. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर मिस्त्रीला दाखवावे. टर्बो असलेली गाडी ओझे ओढून आल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट धीम्या गतीवर ठेवावी. पळणाऱ्या बैलाचा कासरा कुणी एकदम ओढत नाही, तसेच हे.

ट्रॉलीवाल्यांनी मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर पाहायचे विसरू नये. धुळीने रिफ्लेक्टर झाकला की तो नसल्यासारखाच, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला अंधारात उसाच्या टोकांवर येतो. दोन ट्रॉल्यांमधली पिनही तेव्हाच पाहावी.

हे सगळे डोक्यात ठेवण्यापेक्षा ड्रायव्हरच्या सीटखाली एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर किंवा तास, किती ऑइल घातले, काय आढळले, एवढेच लिहावे. महिन्याने पाहिल्यावर ऑइल हळूहळू जास्त लागते आहे हे कळते, एरवी ते लक्षातही येत नाही. आमच्या शेतकी विभागाने अशी वही आखून ठेवली आहे. ज्या सभासदांना ती हवी असेल त्यांनी आपल्या गटकार्यालयात चिटबॉयकडे नाव सांगावे.