पाण्यातील क्षारता आणि माशांच्या पिल्लांची वाढ

तळ्यात सोडलेले मत्स्यबीज पहिल्या काही दिवसांतच मरू लागले, की दोष बहुधा बीज पुरविणाऱ्याकडे जातो. प्रत्यक्षात त्यामागे पाण्यातील क्षारतेचा अचानक झालेला बदलही असू शकतो. पिल्ले मरत नाहीत, पण वाढतही नाहीत, हे त्याच कारणाचे दुसरे रूप होय. मत्स्यपालकाला ते अधिक महाग पडते, कारण खाद्याचा खर्च सुरूच राहतो आणि मत्स्यशेतीच्या एकूण खर्चात खाद्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बहुतेक अस्थियुक्त माशांच्या रक्तातील क्षारांची तीव्रता त्याच्या साधारण एक-तृतीयांश असते आणि ती कायम राखणे त्यांना भाग असते. समुद्रातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जाते. म्हणून तो खारे पाणी पितो आणि त्यातील जादा क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींद्वारे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात याच्या उलट घडते. पाणी शरीरात शिरते, क्षार निसटतात. तेथे मासा जवळजवळ पाणी पीत नाही, भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि कल्ल्यांनी पाण्यातील क्षार शोषून घेतो. दोन्ही ठिकाणी पेशींमधील सोडियम-पोटॅशियम पंप अखंड चालवावा लागतो व त्याला लागणारी ऊर्जा अन्नातूनच येते.

हा खर्च नेमका किती? जुन्या अंदाजांत तो एकूण ऊर्जेच्या 20 ते 50 टक्क्यांपर्यंत सांगितला जात असे. नंतरच्या मोजमापांतून तो 10 टक्क्यांच्या आसपास असावा, असे दिसून आले. मात्र क्षारतेचा परिणाम केवळ पंपापुरता मर्यादित नाही. पिल्लू किती खाते, खाल्लेले किती अंगी लागते, आणि वाढीची संप्रेरके किती स्रवतात, यांवरही तो होतो. अनेक जातींची पिल्ले लिटरमागे 8 ते 20 ग्रॅम क्षार असलेल्या निमखाऱ्या पाण्यात अधिक चांगली वाढतात, ते यामुळेच.

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या जिऱ्याला पूर्ण विकसित कल्ले नसतात. क्षारांची देवघेव करणाऱ्या पेशी तेव्हा त्वचेवर आणि पीतक पिशवीवर असतात. शरीर इवलेसे, आणि वजनाच्या मानाने पाण्याशी संपर्क येणारा पृष्ठभाग मोठा. शिवाय नव्या क्षारतेनुसार या पेशींची रचना बदलण्यास काही दिवस लागतात. काही तासांत पाणी बदलले, तर तेवढी सवड पिल्लाला मिळत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे रायगडचा जिताडा. गोव्यात तो चणक, बंगालमध्ये भेटकी; नावे वेगळी, मासा तोच. तो खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि पिल्ले पुढे खाडीतून वर, गोड्या पाण्याकडे सरकतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने 1997 मध्ये बंदिस्त जागेत त्याचे प्रजनन घडवून आणले. या माशाच्या बीजोत्पादन केंद्रातील पाणी जवळजवळ समुद्राइतके खारे असते, तर बीज नेणाऱ्याचे तळे अनेकदा गोडे. निसर्गात पिल्लू जो प्रवास सावकाश करते, तो येथे प्लास्टिकच्या पिशवीतून एका दिवसात उरकला जातो. म्हणून खरेदीपूर्वी केंद्रातच काही दिवस क्षारता टप्प्याटप्प्याने उतरवून घेणे हिताचे असते. जिताड्याबाबत आणखी एक अडचण आहे. वाढ असमान झाली, की मोठी पिल्ले लहानांना गिळतात. मागे पडलेले पिल्लू मग नुसते लहान राहत नाही, नाहीसेच होते.

समुद्रापासून दूर, हरियाणा, पंजाब व राजस्थानच्या काही भागांत भूजलच खारे आहे. शेतीला निरुपयोगी ठरलेल्या या पाण्यात मत्स्यपालन करण्याविषयी मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे रोहतकजवळील लाहली येथील केंद्र संशोधन करीत आले आहे. तेथे एक वेगळाच पेच आढळतो. मापकावर क्षारता योग्य दिसते, पण समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत पोटॅशियम फारच कमी असते. पोटॅशियमवाचून पेशींतील पंप नीट चालत नाही. त्यामुळे तेथील कोळंबीपालक तळ्यात पोटॅशयुक्त क्षार मिसळतात. अशा पाण्यात मासे वाढवायचे असतील, तर क्षारतेच्या आकड्यासोबत पोटॅशियमची तपासणीही आवश्यक ठरते.

सुंदरबनात प्रश्न उलट दिशेने आला. मे 2009 मधील आयला चक्रीवादळात बंधारे फुटून खारे पाणी गावतळ्यांत शिरले आणि रोहू, कटला यांसारखे गोड्या पाण्यातील मासे मेले. क्षारता थोडी वाढली तरी या माशांची वाढ मंदावते, अधिक वाढल्यास ते तग धरत नाहीत. पावसाळ्यात तळ्यातील क्षार पातळ होतात, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पुन्हा वाढतात. त्यामुळे बीज कोणत्या महिन्यात सोडायचे, हे तेथे तळ्यातील क्षारता मोजूनच ठरवावे लागते.