अख्खी बोट भाड्याने घेताना : सहल रद्द झाल्यास विमा कोणता?

सुट्टीत भाऊ-भावजया, मुले आणि वडीलधाऱ्यांना घेऊन केरळला जाणे आणि अलेप्पी किंवा कुमरकोम येथे अख्खी हाऊसबोट भाड्याने घेणे, ही गोष्ट आता आपल्या व्यापारी घरांना नवी राहिलेली नाही. बोट ठरवताना खोल्या किती, एसी रात्रभर चालतो की नाही, जेवणात मासळी कोणती, हे सारे बारकाईने विचारले जाते. मात्र जाणेच रद्द झाले तर दिलेल्या रकमेचे काय, हे फारसे कोणी विचारत नाही. एजंट म्हणाला म्हणून एखादी स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि ती न वाचताच कपाटात जाते. कापडाचा पन्हा आणि वजन पारखून घेणाऱ्या आपल्या लोकांनी इथे डोळे मिटून व्यवहार करावा, हे बरे नव्हे.

पूर्ण ट्रकाचा हिशेब

सुट्या गाठी पाठवल्या तर जितक्या गाठी तितके भाडे. पण पूर्ण ट्रक ठरवला, तर त्यात पन्नास गाठी भरा की ऐंशी, भाडे पूर्णच द्यावे लागते. बोटीचेही तसेच आहे. एक माणूस कमी झाला म्हणून भाडे कमी होत नाही.

समजा, दहा माणसांसाठी दोन रात्रींची बोट 80,000 रुपयांना ठरली. म्हणजे माणशी 8,000. निघण्याच्या दोन दिवस आधी आजोबांना इस्पितळात दाखल करावे लागले. विमा एकट्या आजोबांचाच असेल, तर कंपनी फार तर त्यांच्या वाट्याच्या 8,000 चा विचार करील. बाकीचे नऊ जण तर धडधाकट आहेत! पण आजोबांना खाटेवर टाकून सहलीला जाणार कोण? बोट धक्क्याला उभी राहते आणि 72,000 रुपये घरचे जातात.

म्हणून पहिली गोष्ट ही की, विमा बोटीवर बसणाऱ्या प्रत्येकाचा हवा. दुसरी, पॉलिसीत 'निकटचे कुटुंबीय' म्हणजे कोण, ते वाचावे. पती-पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ-बहीण यांची नावे बहुधा असतात. पण आजी-आजोबा, चुलत भाऊ, भाचा, मेहुणा यांची असतीलच असे नाही. एकत्र कुटुंबाची सहल असेल तर नेमकी याच ओळीवर दाव्याची मदार असते. तिसरी गोष्ट पावतीची. पैसे एकाने भरले आणि प्रवासी दहा, तर बोटवाल्याकडून दहाही नावांची आणि एकूण रकमेची पावती घ्यावी. पॉलिसीतली नावे आणि पावतीवरची नावे जुळली पाहिजेत.

कोणत्या कारणाला पैसे मिळतात?

परदेशी माल पाठवणाऱ्यांना इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसचे ए, बी आणि सी हे तीन प्रकार ठाऊक असतात. 'सी' मध्ये मोजकी संकटे लिहिलेली असतात. 'ए' चा आवाका मोठा असतो, तरी त्यातही उशिरामुळे झालेले नुकसान बसत नाही. सहल रद्द होण्याचा विमा साधारणपणे 'सी' च्या जातीचा समजावा. यादीत लिहिलेले कारण घडले तरच भरपाई मिळते. प्रवाशाचे गंभीर आजारपण, घरातला मृत्यू, सहलीच्या ठिकाणी आलेली नैसर्गिक आपत्ती ही कारणे बहुधा यादीत असतात. आजारपणासाठी इस्पितळात दाखल होण्याची अट अनेक पॉलिसींत असते. घरी तापाने पडून राहिलेले चालत नाही. मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार अर्जात लपवू नयेत. दावा फेटाळायला कंपनीला तेवढे निमित्त पुरते.

अलेप्पीच्या नेहरू ट्रॉफी बोट शर्यतीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत आलेली ही शर्यत 2018 साली महापुरामुळे 10 नोव्हेंबरला झाली. 2024 साली वायनाडच्या दरड दुर्घटनेनंतर ती 28 सप्टेंबरवर गेली. दोन्ही वर्षी शर्यत पुढे गेली. पण विम्याच्या नजरेने दोन्हीत फरक आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये कुट्टनाड पाण्याखाली होते, म्हणजे बोटीच्या ठिकाणीच आपत्ती होती. 2024 मध्ये आपत्ती दूर वायनाडला होती. ज्याने केवळ शर्यतीसाठी बोट घेतली, त्याचा हेतू फसला. पण बोट हजर आणि पाणी मोकळे असताना नुसता कार्यक्रम पुढे गेला, हे कारण सहसा यादीत नसते. ईदच्या सुट्टीचेही तसेच. चंद्रदर्शनामुळे ईद एक दिवस पुढे गेली आणि बोटीची तारीख हुकली, तर विमा कंपनी त्यात पडत नाही. ती सवलत बोटवाल्याकडूनच लिहून घ्यावी.

केव्हा घ्यावा, केव्हा नको

विसार दिला त्याच दिवशी विमा घ्यावा. हवामान खात्याचा लाल इशारा निघाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या पुरासाठी निरुपयोगी ठरते, कारण संकट आधीच जाहीर झालेले असते. आग लागल्यावर गोदामाचा विमा उतरवता येत नाही, तसेच हे.

"बोटीचा विमा आहे," असे मालक सांगेल. तो अपघाताचा असतो. रेल्वेच्या तिकिटाबरोबर काही पैशांत मिळणारा विमाही मृत्यू, अपंगत्व आणि इस्पितळाच्या खर्चाचा आहे. सहल रद्द झाल्याचा नव्हे. शिवाय इंजिन बिघडले म्हणून मालकानेच बोट नाकारली, तर पैसे परत करणे ही त्याची जबाबदारी आहे. ते कलम बुकिंगच्या कागदावर असले पाहिजे.

प्रत्येक वेळी विमा घ्यावाच, असे आम्ही म्हणत नाही. आधी परत न मिळणारी रक्कम काढावी. बोटवाला तारीख बदलून द्यायला लेखी कबूल असेल आणि विसार थोडाच असेल, तर हप्ता वाचवलेला बरा. मात्र बोटीबरोबर दहा विमान तिकिटेही असतील, तर विमा जरूर घ्यावा. तेव्हा पॉलिसीवरचा मोठा आकडा पाहून खूश होऊ नये. त्यातली रद्द होण्याच्या सदराखालची मर्यादा वेगळी आणि बरीच लहान असू शकते. ती मर्यादा आपल्या अडकणाऱ्या रकमेइतकी आहे का, एवढेच पाहावे.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि फी लागत नाही. परंतु तिथेही विचारले जाईल ते पॉलिसी, पावती आणि इस्पितळाचे कागद. तेव्हा ही फाईल सामान बांधण्याआधीच तयार ठेवावी.