गालगुंड व त्याची प्रतिबंधक लस

गालगुंड म्हणजे बाळपणींचा एक किरकोळ आजार, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. गाल सुजलेल्या मुलास पाहून सोबती हंसतात, घरांतील वडील मंडळी हळदीचा लेप लावितात, आणि कांहीं दिवसांनीं मूल पुन्हां शाळेंत येतें. बहुतेकांच्या बाबतींत असेंच घडतें हें खरें. तथापि थोड्यांच्या वांट्यास जें येतें, तें इतकें कठीण असतें कीं, ह्या रोगाचा सर्वांनींच विचार करणें अवश्य आहे.

गालगुंड हा विषाणूपासून होणारा सांसर्गिक रोग आहे. कानाच्या पुढें व खालीं लाळ उत्पन्न करणारे जे पिंड असतात, ते ह्या विषाणूमुळें सुजतात. म्हणून घांस चावतांना वेदना होतात. परंतु विषाणु तेथेंच थांबेल असा नेम नाहीं. कधीं मेंदूच्या आवरणांस सूज येते, कधीं स्वादुपिंडास. वयांत आलेल्या मुलग्यांच्या वृषणांसही सूज येऊन फार क्लेश होतात. क्वचित् श्रवणशक्ति, बहुधा एका कानाची, कायमची नाहींशी होते. असें मूल वर्गांत मागें पडूं लागतें, आणि त्याचें कारण पुष्कळदां कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

आजारी मुलास घरीं ठेवलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. सूज आल्यापासून ५ दिवस त्यास शाळेंत पाठवूं नये, हा नियम योग्यच होय. पण तेवढ्यानें भागत नाहीं. विषाणु शरीरांत शिरल्यापासून सूज येईपर्यंत बहुधा १६ ते १८ दिवस लोटतात, आणि सुजेच्या सुमारें २ दिवस आधींपासूनच खोकला, शिंक व उष्टा पेला यांच्या द्वारें रोग पसरूं लागतो. कित्येकांस तर संसर्ग होऊनही सूज येतच नाहीं. म्हणजे रोग ओळखूं येण्यापूर्वींच तो बाकावरील शेजाऱ्यापर्यंत पोंचलेला असतो. शिवाय ह्या विषाणूचा नाश करणारें औषधही उपलब्ध नाहीं. तेव्हां उपाय आधींच योजिला पाहिजे, आणि तो म्हणजे लस.

ह्या लशीचा इतिहास मनोरंजक आहे. सन १९६३ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें मॉरिस हिलमन ह्या शास्त्रज्ञाची ५ वर्षांची कन्या जेरिल लिन हीस गालगुंड झालें. पित्यानें तिच्या घशांतील स्राव कापसाच्या बोळ्यानें टिपून प्रयोगशाळेंत नेला. पुढें तो विषाणु कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांत व नंतर त्या गर्भाच्या पेशींत वारंवार वाढवून इतका दुर्बल केला कीं, रोग उत्पन्न करण्याचें सामर्थ्य त्यांत उरलें नाहीं. मात्र शरीरास प्रतिकार शिकविण्याचा गुण कायम राहिला. सन १९६६ मध्यें जेरिलची धाकटी बहीण कर्स्टन हीस ही लस टोंचण्यांत आली. थोरलीच्या आजारांतून धाकटीचें रक्षण झालें! सन १९६७ मध्यें लशीस परवाना मिळाला, आणि १९७१ मध्यें गोवर, गालगुंड व रुबेला ह्या तिहींची एकत्रित लस निघाली.

पालकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. भारत सरकारच्या लसीकरण कार्यक्रमांत २०१७ पासून जी संयुक्त लस आली, ती गोवर व रुबेला यांचीच होती. गालगुंडाचा अंश तींत नव्हता. म्हणून ‘मुलास सर्व लशी टोंचल्या आहेत’ एवढ्यावर न विसंबतां नोंदपत्रिका उघडून पाहावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें एकत्रित लस ९ व्या महिन्यांत, १५ व्या महिन्यांत आणि ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान द्यावी, अशी शिफारस केली आहे. राहून गेली असल्यास मोठेपणींही वैद्यांच्या सल्ल्यानें ती घेतां येते. टोंचल्यावर थोडा ताप किंवा पुरळ येणें संभवतें, पण तें लवकर ओसरतें. लस घेतलेल्यांसही क्वचित् गालगुंड होतें. तथापि तें बहुधा सौम्य असतें.

तान्ह्या बालकास व ज्यांची प्रतिकारशक्ति फार क्षीण झाली आहे अशांस ही लस देतां येत नाहीं. त्यांचें रक्षण आपण इतरांनीं लस घेतल्यानेंच होतें. ह्यास्तव, विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं जातांच आपली व धाकट्या भावंडांची नोंदपत्रिका आईवडिलांकडून मागून घ्या आणि त्यांच्यासह वाचून पाहा.