वाकली, पण पडली नाही!

इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, काँगल्टन गावाजवळ एक घर आहे. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला वाटते, हे आता कोसळते की काय! भिंती कललेल्या, वरचा मजला पुढे झुकलेला, खिडक्यांची रांग वरखाली झालेली. पण 'लिटल मोर्टन हॉल' ही वास्तू पाचशे वर्षे उभी आहे.

मोर्टन घराण्याने १५०४ च्या सुमारास ती बांधायला घेतली आणि पुढच्या पिढ्यांनी शंभर वर्षे तिच्यात भर घातली. भोवती पाण्याने भरलेला खंदक, तर मधोमध आपल्या वाड्यांसारखा चौक. ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या चौकटींत कुडासारखे काटक्या-मातीचे लिंपण. १५५९ साली चौकातल्या खिडक्यांवर मालकाबरोबरच रिचर्ड डेल या सुताराचेही नाव कोरले गेले.

मग घर वाकले कशाने? सर्वांत वर सुमारे ६८ फूट लांबीचे दालन मागाहून चढवले गेले. पावसाळी दिवसांत तेथे फेऱ्या मारायच्या, खेळायचे. भिंतीच्या फळ्यांमागे टेनिसचे जुने चेंडूही सापडले आहेत! या दालनाच्या छपरावर जड दगडी फरशा बसवल्या. ते ओझे पेलताना खालचे लाकूड वाकत गेले.

१६४० च्या दशकातील यादवी युद्धात मोर्टन कुटुंब राजाच्या बाजूने होते. राजपक्ष हरला, कुटुंब कर्जात बुडाले. घर शेतकरी कुळांना भाड्याने गेले. एकोणिसाव्या शतकात तर घरातल्या प्रार्थनागृहात कोळसा साठवला जाई. मात्र, जुने पाडून नव्या धाटणीचे घर बांधायला पैसाच नव्हता. एका अर्थी गरिबीनेच ही वास्तू राखली.

१८९२ मध्ये मोडकळीला आलेले हे घर एलिझाबेथ मोर्टन या जोगिणीकडे वारशाने आले. तिने प्रार्थनागृह दुरुस्त करून घेतले. १९१२ मध्ये ती वारली, तेव्हा घर बिशप असलेल्या नातलगाला मिळाले. तिची अट एकच होती : हे घर कधीही विकायचे नाही. त्या नातलगाने १९३८ मध्ये ते 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या स्वाधीन केले.

आज ही वास्तू सर्वोच्च श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. वरच्या दालनातली जमीन अजूनही उंचसखल आहे आणि पर्यटक तोल सावरत तिच्यावरून चालतात.